बारावीचा इतिहास आणि ठाण्याचा रकाना

इतिहासाचा विषय निघाला की "सनावळ्या कुणाच्या लक्षात राहतात?" हे वाक्य येतंच. मी बारावीला इतिहास घेतला तेव्हा आईपासून ते ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांनी मला ते ऐकवलं. वर्षभर हा विषय शिकल्यावर माझं मत उलट झालंय. सनावळ्या हा इतिहासातला सोपा भाग आहे. फक्त एकटा सन डोक्यात टिकत नाही. त्याच्या शेजारी दुसरा सन लागतो, आणि तिसरा आपल्या गावचा लागतो. हे मला कसं उमगत गेलं ते सांगते.

मी ठाण्याजवळ ऐरोलीत राहते आणि घरीच शिवणकाम करते. दहावीनंतर शिक्षण थांबलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी हायस्कूलला गेल्यावर मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. कॉलेजात रोज न जाता खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाची परीक्षा द्यायची असेल तर ही नावनोंदणी करावी लागते. ती ऑनलाइनच होते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर त्याची दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. शिवाय आधारकार्ड आणि फोटो. परीक्षेचा अर्ज पुढे वेगळा भरायचा असतो. माझा दाखला माहेरी पत्र्याच्या पेटीत नीट घडी करून ठेवलेला होता, त्यामुळे या सगळ्यात फार धावपळ झाली नाही.

विषय घेतले इंग्रजी, मराठी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास. त्यातला इतिहास मी सासऱ्यांमुळे घेतला. ते मूळचे उरणकडचे. घरात कोणत्याही गोष्टीचा काळ सांगायचा झाला की ते "चौऱ्याऐंशीच्या आधी" किंवा "चौऱ्याऐंशीच्या नंतर" असंच म्हणतात. एका माणसाच्या आयुष्याचे एका सालाने असे दोन तुकडे का झाले असावेत, हे मला कधीपासून समजून घ्यायचं होतं.

पुस्तक हातात आलं आणि दडपण आलं. बारावीचा इतिहास युरोपातून सुरू होतो. प्रबोधन, छापखाना, कोपर्निकस, गॅलिलिओ, नवे सागरी मार्ग. मग वसाहतवाद, मराठे, समाजसुधारक, स्वातंत्र्यलढा, दोन महायुद्धं, आफ्रिका-आशियातले नव्याने स्वतंत्र झालेले देश, शीतयुद्ध, आणि शेवटी बदलता भारत. म्हणजे पंधराव्या शतकापासून अगदी आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींपर्यंत, आणि तेही सगळं जग फिरून. एका धड्यात १९४५ साल येतं, पुढच्या धड्यात आपण पुन्हा मागे जातो. दुपारी मशीन बंद करून वाचायला बसायचे. धडा वाचताना सगळं कळायचं, पण दोन दिवसांनी त्यातलं काही सांगता यायचं नाही.

शेजारच्या इमारतीत शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात. ब्लाउज उसवून घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी मशीनवरचं पुस्तक पाहिलं आणि बसूनच घेतलं.

"अगं, धड्यांच्या क्रमाने पाठ करू नकोस. सालाच्या क्रमाने वही कर. पानावर तीन रकाने आख. पहिला जगाचा, दुसरा भारताचा, तिसरा ठाण्याचा."

"बाई, पण ठाण्याचं पुस्तकात फारसं कुठे आहे?"

"पुस्तकात नसेल. पण जिथे घडलं ती जागा तर आहे ना? तुमच्या ऐरोलीहून गाडीने किती वेळ लागतो? जा, बघून ये. आणि नुसतं 'कधी' लिहून थांबायचं नाही. प्रत्येक सालापुढे 'का' लिहायचं."

दुसऱ्याच दिवशी मोठी फुलस्केप वही आडवी धरून मी रकाने आखले.

पहिली पानं भरायला सोपी गेली. १४५३ला ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, हे जगाच्या रकान्यात. १४९८ला वास्को द गामा कालिकतला पोचला आणि १५१०ला पोर्तुगिजांनी गोवा घेतलं, हे भारताच्या रकान्यात. तिसऱ्या रकान्यात पहिली नोंद पडली १५३४ची. हुमायूनच्या भीतीने अडचणीत आलेल्या गुजरातच्या बहादूरशाहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना देऊन टाकला आणि त्याबरोबर मुंबईची बेटं आणि साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेटही गेलं. दिल्लीकडच्या बादशहाची आणि गुजरातच्या सुलतानाची लढाई, आणि तिच्यात ठाण्याचा मालक बदलला. 'का' लिहायचं म्हणजे काय ते मला या एका ओळीवरून कळलं. शिलाहार राजांच्या काळातलं श्रीस्थानक, म्हणजे जुनं ठाणं, मात्र माझ्या वहीत आलं नाही. अभ्यासक्रमच पंधराव्या शतकापासून सुरू होतो. याची मला अजून रुखरुख वाटते.

मग मी ठाण्याला जायला लागले. ऐरोलीहून ठाण्याची लोकल पकडायची, दुपारच्या गर्दी नसलेल्या वेळी जायचं आणि मुलगी शाळेतून यायच्या आत परत यायचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झालं. त्याच वर्षी लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं आणि त्याच वर्षी विवेकानंद शिकागोच्या परिषदेत बोलले. हे तीन सन एका ओळीत आले तेव्हा फार बरं वाटलं. त्या काळच्या माणसांच्या मनात काय चाललं असेल, याचा काहीतरी अंदाज एका आडव्या ओळीतून यायला लागला. संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे यांनी मराठी वाङ्मयाचा मोठा इतिहास लिहिला. म्हणजे ज्या संस्थेत बसून मी इतिहास वाचत होते, ती उभी करणारा माणूसही इतिहासच लिहीत होता.

ठाण्याचा तुरुंग म्हणजेच ठाण्याचा किल्ला, हे कितीतरी ठाणेकरांना सांगावं लागतं. मी स्वतः त्या भिंतीशेजारून अनेकदा गेले होते. आत जाता येत नाही, पण बाहेरून तट आणि बुरूज दिसतात. पोर्तुगिजांनी १७३०च्या सुमाराला हा किल्ला बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आतच, मार्च १७३७मध्ये, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. वसई मात्र मे १७३९मध्ये पडली. वहीत १७३९चं पान पाहिलं आणि दुसऱ्या रकान्याकडे लक्ष गेलं. त्याच वर्षी नादिरशाहाने दिल्ली लुटली. बाजीराव उत्तरेची काळजी करत होते, त्यांचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा इथे समुद्रकाठी पोर्तुगिजांशी लढत होता. 'वसाहतवाद आणि मराठे' या विषयावर टीप लिहायची झाली की हे चित्र मनात आणते आणि मग शब्द आपोआप येतात.

आता ज्या पानामुळे मला हा विषय खरोखर आवडायला लागला, त्या १७७३च्या पानाकडे येते.

पुस्तकात हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेलं असतं. अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा एकीकडे, रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट दुसरीकडे, इंग्रज-मराठे पहिलं युद्ध तिसरीकडे. मी तीनही रकान्यांत १७७३ लिहिलं आणि वही समोर धरून बराच वेळ नुसती बघत बसले.

ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा कर्जात बुडाली होती. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, हातात येऊनही तिला लंडनच्या सरकारकडे पैसे मागायला जावं लागलं. सरकारने पैसे दिले, पण त्याबरोबर दोन गोष्टी केल्या. कंपनीच्या वखारींत न खपलेला चहा पडून होता, तो अमेरिकेतल्या वसाहतींत स्वस्तात विकायची सोय तिला करून दिली. आणि कंपनीच्या कारभाराला लगाम घालायला १७७३चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला. पहिल्या गोष्टीचा परिणाम डिसेंबर १७७३मध्ये बोस्टनच्या बंदरात दिसला. तिथल्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या आणि तिथून गोष्टी १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत गेल्या. दुसऱ्या गोष्टीमुळे वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला. मुंबई आणि मद्रासच्या इंग्रजांना लढाई किंवा तह करायचा तर कलकत्त्याची परवानगी घ्यावी लागू लागली.

आता तिसरा रकाना. ऑगस्ट १७७३मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव पेशवे झाले, पण त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांपुढे, म्हणजे बारभाईंपुढे, त्यांचं काही चाललं नाही आणि शेवटी ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मुंबईच्या इंग्रजांचा साष्टीवर कितीतरी वर्षांपासून डोळा होता. मुंबई बेटाला धान्य पुरत नव्हतं आणि साष्टी हातात असली की बंदर सुरक्षित राहणार होतं. तेवढ्यात पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी बातमी पसरली. मग इंग्रजांनी वाट पाहिली नाही. डिसेंबर १७७४मध्ये त्यांनी ठाण्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि तो जिंकला. त्यांच्या आरमाराचा प्रमुख वॉटसन याच वेढ्यात जखमी होऊन मेला, त्यावरून आतल्या मराठ्यांनी किल्ला सहजासहजी सोडला नव्हता हे कळतं.

पुढे मार्च १७७५मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला. तो कलकत्त्याला न विचारता केला म्हणून हेस्टिंग्जच्या कौन्सिलने तो नामंजूर करून कर्नल अप्टनला पुण्याकडे पाठवलं. मार्च १७७६मध्ये पुरंदरचा तह झाला. तरी साष्टी इंग्रजांनी सोडली नाही. १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांचा दारुण पराभव झाला. तरीही शेवटी १७८२च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी, म्हणजे आपलं ठाणं, इंग्रजांकडेच राहिलं.

एका कंपनीचं कर्ज आणि त्याचे धागे बोस्टन, कलकत्ता, पुणे आणि ठाणे अशा चार ठिकाणी. बोस्टनमध्ये चहा समुद्रात गेला आणि बरोबर वर्षभराने ठाण्याच्या तटावर तोफा डागल्या गेल्या. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असेल असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पुरंदरचा तह आधी की सालबाईचा, यात माझा आता कधीच गोंधळ होत नाही. कारण कुणी कुणाला न विचारता काय केलं, ते मला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी मी बाईंकडे वही घेऊन गेले. त्यांनी पान वाचलं आणि म्हणाल्या, "हे उत्तर म्हणून लिही बघू. दहा ओळींत." इतकं सगळं दहा ओळींत बसवायला मला फार कष्ट पडले, पण परीक्षेची खरी तयारी तिथून सुरू झाली.

रेल्वेचं पान सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात सांगते. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. एवढं ठाणेकर मूलही सांगतं. वहीतल्या 'का'मुळे त्याच्यापुढे आणखी लिहावं लागलं. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो घाटावर पिकत होता. म्हणून पुढची सगळी धडपड घाट ओलांडायची. १८६३मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली. तेव्हा पहिल्या रकान्यात अमेरिकेचं यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद झाला होता आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता.

१९१०चं पान मी फार सावकाश भरलं. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. माझ्याबरोबर परीक्षेला बसणारी मुलं सतरा-अठरा वर्षांचीच असणार, हे मनात आलं आणि त्या दिवशी पुढे वाचवेना. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, मराठ्यांनी जिंकलेला, इंग्रजांनी घेऊन तुरुंग केलेला हा किल्ला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ला इथूनच निसटले होते आणि या तिघांना इथेच मरण आलं. एका वास्तूचा हा प्रवास पाहिला की वसाहतवादाचे पुस्तकातले सगळे टप्पे त्याच भिंतीवर दिसतात. तुरुंगाशेजारून रोज जाणाऱ्या मुलांना शाळेने एकदा तरी रस्त्यावर उभं करून हे सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लेखी पेपर ऐंशी गुणांचा असतो आणि उरलेले वीस गुण अंतर्गत कामाचे. त्यासाठी मी प्रकल्प घेतला तो सासऱ्यांच्या चौऱ्याऐंशी सालाचा. आधी छापील माहिती जमवली. सिडकोची स्थापना मार्च १९७०ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांचा परिसर ठरला, सगळं मिळून ३४४ चौरस किलोमीटर. भातशेती आणि मिठागरं गेली. योग्य मोबदला आणि विकसित जमिनीत वाटा मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई आणि नवघर इथे गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली ती याच लढ्यातून.

मग सासऱ्यांसमोर वही घेऊन बसले. ते आधी तयार होईनात. "त्यात लिवण्यासारखं काय हाय?" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, बोर्डाच्या परीक्षेसाठी पाहिजे." परीक्षेचं नाव काढल्यावर ते बसले. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तारीख विचारली. तारीख त्यांना सांगता येईना. "झोडणी झाली व्हती. संक्रांतीच्या मागोमाग. घरात तिळाचं लाडू व्हतं अजून." मी छापील तारखेशी ताडून पाहिलं. संक्रांत चौदा-पंधरा जानेवारीला येते, जासईची तारीख सोळा. ज्याने कॅलेंडर पाहून काही लक्षात ठेवलेलं नाही, त्याने लाडवांवरून काळ बरोबर सांगितला होता. मौखिक साधन म्हणजे काय आणि ते लिखित साधनाशी कसं पडताळून पाहायचं, हे पुस्तकात चार ओळींत आहे. मला ते आमच्या स्वयंपाकघरात शिकायला मिळालं.

त्यांनी सांगितलेलं बरंच काही कागदोपत्री सापडलं नाही. कोणत्या बांधावरून लोक आले, कुणाच्या घरी भाकऱ्या भाजल्या, आपल्या शेताचं नाव काय होतं. हो, शेतांना नावं होती. त्यांनी ती एकामागून एक सांगितली. त्यातल्या एकाही नावाची आता पाटी नाही, कारण तिथे आता बंदराकडे जाणारे रस्ते आणि कंटेनरची गोदामं आहेत. मी ती सगळी नावं प्रकल्पात लिहिली. विषयाला सोडून होतंय असं तपासणाऱ्यांना वाटेल, अशी धाकधूक होती. पण एका शेताचं नाव कागदावर उरणं मला गुणांपेक्षा महत्त्वाचं वाटलं आणि अजूनही वाटतं. ज्यांच्या घरात असं कुणी म्हातारं माणूस आहे त्यांनी परीक्षा असो नसो, आजच मोबाइल समोर ठेवून बोलायला बसावं.

'बदलता भारत' या भागात १९९१चं उदारीकरण येतं. त्यासाठी मला कुठे जावं लागलं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर आमच्या डोळ्यांदेखत रसायनांच्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आमच्याकडे ब्लाउज शिवणाऱ्यांत आधी कामगारांच्या बायका होत्या, आता त्यांच्या मुली त्या काचेच्या इमारतींत कामाला जातात आणि कुर्ते अल्टर करून घेतात. उत्तरात हे असंच लिहिता येत नाही. पण आयात-निर्यात, परकीय गुंतवणूक, सेवाक्षेत्र हे शब्द लिहिताना त्यांच्यामागे माणसं दिसत असली की वाक्य पोकळ होत नाही.

शीतयुद्ध मला सगळ्यात दूरचं वाटत होतं. नाटो म्हणजे अमेरिकेच्या बाजूचा लष्करी गट, वॉर्सा करार म्हणजे सोव्हिएत संघाचा, अलिप्ततावाद म्हणजे दोन्हींत न जाणं, अशी कोरडी नावं. ते जवळ आलं गोव्यामुळे. पोर्तुगाल १९४९पासून नाटोचा सदस्य. त्यामुळे डिसेंबर १९६१मध्ये भारताने गोवा मुक्त केलं, तेव्हा सुरक्षा परिषदेत पाश्चिमात्य देश भारताच्या विरोधात गेले आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. त्याच वर्षी सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली होती. माझ्या वहीत १४९८ला आलेले पोर्तुगीज शेवटी १९६१च्या पानावर बाहेर पडले. मध्ये १५३४ला त्यांना ठाणं मिळालं आणि १७३७ला ते त्यांच्या हातून गेलं. एकाच सत्तेचा धागा धरून साडेचारशे वर्षं आणि पुस्तकातले निम्मे धडे पार करता येतात. पेपरच्या आधी केंद्रावर एक मुलगी अलिप्ततावादावरून रडकुंडीला आली होती, तिला मी हे एवढंच सांगितलं. "काकू, हे गाईडमध्ये का नाही?" असं तिने विचारलं.

गाइडविषयी माझं मत स्पष्ट आहे. प्रश्नांचे प्रकार कळायला गाइड चांगलं. चुकीची जोडी दुरुस्त करा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टिपा लिहा, सकारण स्पष्ट करा, तुमचे मत नोंदवा, हे सगळं कसं येतं ते त्यातून समजतं. पण उत्तरं पुस्तकातून स्वतः काढावीत. 'सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात पुष्कळ जण तेच विधान फिरवून पुन्हा लिहितात. तिथे कारणांची साखळी लागते: आधी काय होतं, त्यामुळे काय झालं, त्यातून पुढे काय निघालं. आणि 'तुमचे मत नोंदवा'मध्ये मत एका ओळीत आणि पुरावे चार ओळींत हवेत. बाईंनी माझ्याकडून हे घड्याळ लावून लिहून घेतलं. शिवण्याने हात बळकट असले तरी सलग तीन तास पेन धरणं वेगळं असतं. खासगी विद्यार्थ्यांचा लिहिण्याचा सराव तुटलेला असतो, म्हणून वाचनाइतकाच वेळ मी लिहिण्याला दिला. पेपरला पहिला प्रश्न कोणता सोडवायचा वगैरे बेत मी केले नव्हते. सरळ क्रमाने लिहीत गेले आणि शेवटचं सविस्तर उत्तर संपवून नावं, सन पुन्हा तपासायला वेळ उरला.

निकालात इतिहासाला सगळ्या विषयांपेक्षा जास्त गुण पडले. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घातलंय आणि विषय अर्थातच इतिहास.

ज्यांची या वर्षी बारावी आहे, त्यांना एकच सुचवते. पहिल्या धड्यापासून सुरू करू नका. आपल्या जिल्ह्याचं एक साल निवडा. ठाण्याचे असाल तर १७७४ घ्या. सोलापूरचे असाल तर मे १९३०चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेले चार हुतात्मे घ्या, तिथून सविनय कायदेभंगाचा सगळा काळ उलगडतो. साताऱ्याकडच्यांना क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार आहे, त्याच्या डावीकडच्या रकान्यांत 'छोडो भारत' आणि दुसरं महायुद्ध येतं. कोल्हापूरला शाहू महाराजांचा १९०२चा आरक्षणाचा हुकूम आहे, महाडला १९२७चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आहे, मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८चा मुक्तिदिन आहे. ते साल तिसऱ्या रकान्यात लिहा, डावीकडचे दोन रकाने मोकळे ठेवा आणि मग पुस्तक उघडा.